क्रॉसच्या पायरीतला दगड

आमची मराठी शाळा नऊ वर्षं न्यू जर्सीतल्या एका जुन्या चर्चच्या तळघरात भरली. रविवारी दहा वाजता वर प्रार्थना सुरू व्हायची आणि खाली बाराखडी. वर हल्ली चौदा माणसं असायची, खाली बावन्न मुलं. शाळेच्या सगळ्या याद्या माझ्याकडे: हजेरी, खाऊच्या पाळ्या, किल्ली कुणाकडे, फळा पुसायचं डस्टर शेवटचं कुणी नेलं. त्यामुळे चर्चच्या बाजूने माझा संबंध यायचा तो तिथल्या वॉर्डनबाईंशी. वॉर्डन म्हणजे इमारत आणि आवार यांची व्यवस्था बघणारी व्यक्ती. या बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, काठी घेऊन चालायच्या आणि बॉयलर बिघडला तर तळघरात आधी त्याच उतरायच्या. आमचं पटकन जमलं, कारण वही त्यांच्याकडेही होती.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की चर्च बंद होतंय. पलीकडच्या गावातल्या मोठ्या चर्चमध्ये हे विलीन होणार, इमारत दुसऱ्या कुणाला जाणार, जून लागायच्या आत जागा रिकामी करायची. मी तिथल्या तिथे वही काढली आणि शाळेसाठी तीन पर्याय लिहिले. पब्लिक लायब्ररीचा हॉल, शाळेचा कॅफेटेरिया, एका पालकांचं मोठं बेसमेंट. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून माझं लिहून होईपर्यंत उभ्या राहिल्या.

"माझंही एक काम आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या यादीत बसतंय का बघ."

त्यांनी मला बाहेर नेलं. आवाराच्या दक्षिणेला एक दगडी क्रॉस होता. नऊ वर्षं मी त्याला वळसा घालून पार्किंगकडे गेले होते. तीन अष्टकोनी पायऱ्या, त्यांवर चौकोनी बैठक, बैठकीतून निघालेला माणसाच्या दुप्पट उंचीचा निमुळता खांब, आणि माथ्यावर छोट्या देव्हाऱ्यासारखी दगडी पेटी, तिच्या चारी कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. आमच्या शाळेत नातवंडांना सोडायला येणाऱ्या निम्म्या आज्या त्याला दीपमाळच समजायच्या. एका आजींनी तर दिवाळीत पायरीवर पणतीही ठेवली होती. वॉर्डनबाईंनी ती विझेपर्यंत तशीच राहू दिली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

हा क्रॉस बाईंच्या पणजोबांनी घडवला होता. पणजोबा इंग्लंडमधल्या एका खेड्यातले पाथरवट, इथल्या तपकिरी दगडाच्या खाणीत काम करायला आले. त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात असाच क्रॉस होता, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा. त्या काळात साध्या माणसाच्या कबरीवर दगड नसे. गावात जे कुणी मेलं त्या सगळ्यांना मिळून तो एक क्रॉस. पुढे धर्मातल्या भांडणांत गावोगावच्या क्रॉसचे माथे फोडले गेले आणि पायऱ्या नि खांबाची थोटकं तेवढी राहिली. पणजोबा लहानपणी त्या थोटकावर चढून बसायचे. इथे आल्यावर त्यांनी अख्खा क्रॉस केला, त्यांनी स्वतः कधीच न पाहिलेल्या माथ्यासकट.

"आणि येताना ट्रंकेतून एक दगड आणला," बाई म्हणाल्या. "जुन्या क्रॉसच्या पायरीतला, निखळलेला. पावाच्या लादीएवढा. तो या पायऱ्यांत कुठेतरी बसवलाय. माझी आई दाखवते दाखवते म्हणत राहिली आणि एक दिवस गेली."

अडचण अशी होती की नव्या चर्चने क्रॉस घ्यायचं कबूल केलं होतं, पण फक्त बैठक, खांब आणि माथा. पायऱ्यांचे दगड फुटलेत, तिथे नव्या करू, असं त्यांच्या समितीने ठरवलं होतं. म्हणजे जुन्या पायऱ्या राडारोड्यात जाणार. मेच्या तिसऱ्या आठवड्यात क्रॉस उतरवायला माणसं येणार आणि महिनाअखेर बाई कायमच्या मुलीकडे, मिनेसोटाला. तोवर दगड सापडला तर वाचेल, नाही तर ट्रकमधून कुठल्यातरी खड्ड्यात जाईल.

मी पायऱ्यांचे दगड मोजले. त्रेचाळीस. त्यांतला एक हवा होता. सगळ्यांवर शेवाळ, दगडफूल आणि कधीकाळी दिलेला सिमेंटचा पातळ हात, त्यामुळे रंगावरून काही कळण्यासारखं नव्हतं. बाईंना वाटत होतं की पणजोबांनी त्या दगडावर गावाचं नाव कोरलं असेल; कोणतं, ते त्यांच्या आईला कधी आठवलं नव्हतं. नाव म्हटल्यावर मला एकदम हुरूप आला. अक्षरं शोधायची तर ते काम मी पूर्वी केलं होतं.

पुण्यात कॉलेजला असताना आमचा ग्रुप दर महिन्याला एखाद्या किल्ल्यावर जायचा. देवळाच्या भिंतीवर पुसट शिलालेख दिसला की सॅकमधून पीठ काढायचं, ओल्या हाताने दगडावर चोळायचं, वरचं पुसून टाकायचं. खोलगट भागात पीठ राहतं आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. आम्हाला त्याचा कोण अभिमान. पुढे त्या पिठाचं काय होतं हे बघायला आम्ही परत कधी गेलो नाही. संध्याकाळची गाडी पकडायची असायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी तांदळाच्या पिठीची दोन पाकिटं घेऊन गेले. बाईंना पद्धत समजावून सांगितली. त्यांनी विचारलं, दगडाला काही होणार नाही ना. मी म्हटलं, अहो, पीठ आहे, आम्ही खातो ते. पालकांपैकी सहाजण मदतीला आले. नागपूरचे एक बाबा, जे एरवी शाळेच्या प्रत्येक कामाला दहा मिनिटं उशिरा येतात, ते त्या दिवशी वेळेवर होते. "वहिनी, भाकरी थापायची आहे की रिसर्च करायचाय, एकदा क्लिअर करा यार," असं म्हणत त्यांनी दोन पायऱ्या एकट्याने थापल्या. अक्षर एकही मिळालं नाही. दुपारी पाऊस सुरू झाला आणि आम्ही आवराआवर करून घरी गेलो. त्रेचाळीसपैकी एकतीस दगड तपासले, बाकीचे पुढच्या वेळी, अशी नोंद केली.

पाऊस तीन दिवस पडला. पुढच्या रविवारी माझ्याकडे लायब्ररीच्या हॉलची मीटिंग होती, त्याच्या पुढच्या रविवारी शाळेला सुट्टी. तिसऱ्या आठवड्यात क्रॉस उतरवणारा पाथरवट मोजमापं घ्यायला आला आणि बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या की येताना घाई करू नकोस, पण ये.

पायऱ्या माझ्याने बघवेनात. पिठाचा लगदा होऊन दगडाच्या छिद्रांत घुसला होता, वाळून त्याचे पापुद्रे धरले होते आणि त्यांवर काळी-हिरवी बुरशी माजली होती. मुंग्यांची एक रांग मधल्या पायरीवरून वर चालली होती. पाथरवट साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पापुद्र्याचा तुकडा नखाने काढला, वास घेतला आणि विचारलं, इथे बेकरी कुणी काढली होती. बाईंनी माझं नाव सांगितलं नव्हतं, आणि मी बोलले नसते तर तेव्हाही सांगितलं नसतं. मीच सांगितलं.

मग त्याने मला पंधरा मिनिटं दगड शिकवला. दगड श्वास घेतो. त्याच्या छिद्रांत जे भराल ते ओलं होतं, फुगतं, कुजतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा पापुद्रा घेऊन बाहेर पडतं. मला आमचे सगळे किल्ले आठवले. मी सगळं वहीत लिहीत गेले. उपाय एकच: साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या. साबण नको, ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, घाई नको.

त्याला मी म्हटलं की या पायऱ्यांत एक जुना दगड आहे, तोही घेऊन जाता येईल का. त्याने त्याच्या हातातला कागद दाखवला. नव्या चर्चच्या समितीने सही केलेली वस्तूंची यादी होती ती. नेमका कोणता दगड ते दाखवा, मी यादीत घालतो, समितीला कळवतो, तो म्हणाला. "पण 'कदाचित' हा शब्द माझ्या कागदावर चालत नाही."

मी यादीवाली बाई आहे. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

तो गेल्यावर मी बाईंची माफी मागितली. व्यवस्थित वाक्यं तयार करून मागितली. त्या खालच्या पायरीच्या एका स्वच्छ टोकाला बसल्या होत्या.

"माझ्या नवऱ्याने एकदा ही पायरी सिमेंटने रंगवली," त्या म्हणाल्या. "छान दिसावी म्हणून. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग बोलले, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं." मग म्हणाल्या, "तुझ्याशी आठवडाभर न बोलण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. ब्रश किती लागतील?"

चोवीस लागले. पुढचे दोन रविवार मराठी शाळेच्या पालकांनी गुडघ्यांखाली योगा मॅट घालून पायऱ्या धुतल्या. मुलांना काड्यांनी फटी साफ करायचं काम दिलं. त्यांना आम्ही मराठीत सांगायचो, हळू, हळू. ती इंग्रजीत उत्तर द्यायची की ती हळूच करतायत, आणि तुम्हीच पाणी उडवताय. नागपूरचे बाबा म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः केलेला पसारा स्वतः आवरला, घरी प्लीज सांगू नका. पीठ निघालं तसं त्याच्याखालचं शंभर वर्षांचं शेवाळही निघालं. पण सिमेंटचा पातळ हात तसाच होता आणि त्रेचाळीस दगड अजूनही त्रेचाळीस सारखेच दगड दिसत होते. कुणावरही अक्षर नव्हतं.

क्रॉस उतरवायला जेमतेम आठवडा उरला होता. मी पाथरवटाला फोन केला आणि विचारलं, तू शोधला असतास तर कसा शोधला असतास? तो म्हणाला, अक्षरं शोधू नका, हत्याराच्या खुणा शोधा. आणि दगडाला काही लावू नका, उजेड तिरपा पाडा. दगडाच्या अंगाला घासून उजेड गेला की नखाएवढा खड्डाही सावली धरतो. मोठा आरसा असेल तर उन्हात धरा. मी वहीत लिहिलं: आरसा, माणसाएवढा.

माणसाएवढा, हलवता येईल असा आरसा घरी कुणाकडे नव्हता. ओक ट्री रोडवर एका साडीच्या दुकानात मात्र चाकांवरचा ट्रायलचा आरसा आहे, हे मला माहीत होतं, कारण माझ्या भाचीच्या लग्नाची खरेदी करताना मी त्याच्यासमोर तीन तास उभी होते. दुकानाच्या मालकीण काकूंना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, मग मुलाला हाक मारून आरसा व्हॅनमध्ये घालायला सांगितला, आणि मला म्हणाल्या, "दगड बघायला नेतेस तो ने. पण रविवारी दोनच्या आत आण. दोनला माझ्याकडे नवरी आहे."

त्या रविवारी मी वर्ग सुरू करून दिला आणि दोन पालकांना घेऊन बाहेर आले. ऊन छान होतं. आरसा गवतावरून ढकलत आम्ही क्रॉसभोवती फिरवू लागलो. वरून प्रार्थनेचा पियानो ऐकू येत होता, खालून पावकी नाही, पण दोनचा पाढा. बाई त्या दिवशी प्रार्थनेला गेल्या नाहीत. घडीची खुर्ची टाकून आमच्यापाशी बसल्या. आरशातला उजेड दगडावर तिरपा पडला की जे सपाट दिसत होतं ते एकदम जिवंत व्हायचं. प्रत्येक दगडावर छिन्नीचे सरळ, एकसारखे, जवळजवळ ओढलेले पट्टे. पणजोबांचा हात. बाई म्हणाल्या की त्यांच्या आईचं अक्षरही असंच होतं. एकेक दगड तपासून मी खूण करत होते. बारा, सतरा, बावीस. पहिली पायरी संपली. दुसरीच्या तीन बाजू झाल्या.

उत्तरेकडच्या बाजूला ऊन पोचत नव्हतं. मग माझ्या बहिणीने दिलेलं स्टीलचं मोठं ताट गाडीत होतं, खाऊसाठी आणलेलं, ते दुसऱ्या पालकांच्या हातात दिलं. आरशातून ताटावर, ताटातून पायरीवर, असा उजेड वळवला. डावीकडून दुसऱ्या दगडावर तो पडला आणि पट्टे थांबले. तिथे छिन्नीचे सरळ पट्टे नव्हतेच. आडवेतिडवे, कुऱ्हाडीने मारल्यासारखे घाव होते, आणि त्यांच्यावर तीन खाचा. लांबट, बोटभर रुंद, मध्ये खोल आणि कडांना उथळ, आतून काचेसारख्या गुळगुळीत. तळाशी अजून पांढरं होतं. आमचंच पीठ. मीच त्या खाचा बुजवून पुढे गेले होते आणि वहीत 'तपासला' असं लिहिलं होतं.

खाचा कसल्या हे मला कुणी सांगायला लागलं नाही. माझ्या आजोळी नदीच्या घाटावर असा दगड होता. बायका जाता-येता त्याच्यावर विळ्यांना धार लावायच्या आणि त्यांच्या आधीच्या बायकांनीही लावली होती, म्हणून दगड असाच खोल, असाच मऊ झाला होता. लहानपणी मी त्या खाचेत बोट फिरवत बसायचे.

"इथे सुऱ्या घासल्यात," मी बाईंना म्हटलं. "खूप माणसांनी. खूप वर्षं."

त्यांना खुर्चीतून उठवून खाली बसवायला आम्ही तिघं लागलो. त्यांनी पहिल्या खाचेत अंगठा ठेवला आणि तो तिथे बरोबर बसला.

"म्हणून आईला नाव आठवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नाव नव्हतंच."

पाथरवट संध्याकाळी मुद्दाम येऊन बघून गेला. कोपऱ्यातला एक कण काढून भिंगाखाली धरला आणि मलाही दाखवला. दगड बारीक गोल दाण्यांचा होता, राजगिऱ्याच्या वडीसारखा. असा दगड इथल्या कुठल्याच खाणीत नाही, तो म्हणाला. मग त्याने कागद पायरीवर ठेवला आणि पेन बाईंना दिलं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं; लिहिलं मी, सही त्यांनी केली. दुसरी पायरी, उत्तर बाजू, डावीकडून दुसरा दगड. आरसा मी दोनच्या आधीच पोचता केला होता.

समितीने एका ओळीत होकार कळवला. गुरुवारी क्रॉस उतरला. त्रेचाळीसातले बेचाळीस दगड राडारोड्यात निघाले, त्याचं बाईंना वाईट वाटलं. मलाही वाटलं, ते पणजोबांचे होते. पाथरवटाने त्यांतला एक बरा दगड बाजूला काढून बाईंच्या नातवासाठी ठेवला. पुढच्या सोमवारी मी बाईंना नव्या चर्चच्या आवारात घेऊन गेले. खांब उभा होता, माथा बसला होता. नव्या पायऱ्यांत खालच्या पायरीवर दर्शनी बाजूला एक जागा रिकामी ठेवली होती. पाथरवटाने विचारलं, खाचा आत घ्यायच्या की बाहेर? आत घेतल्या तर टिकतील.

"बाहेर," बाई म्हणाल्या. "आणि वर. हात पोचेल अशा."

त्याने चुना लावून दगड बसवला, लाकडी हातोडीने ठोकला, ओलं गोणपाट टाकलं. बाईंनी विचारलं की यावर बसता कधी येईल. आठ दिवसांनी, तो म्हणाला. त्याआधी कुणी बसलं तर दगड हलेल. बाईंनी मान डोलावली आणि काठी उचलली. त्यांचं विमान शुक्रवारचं होतं. त्यांना ते माहीत होतं, मलाही.

मी गाडीपाशी जाऊन त्यांच्या मुलीला फोन लावला. नंबर माझ्याकडे होता. आणीबाणीच्या नंबरांच्या यादीत. मुलगी आधी गोंधळली, मग म्हणाली की तिकीट बदलता येईल, पण आई एवढे दिवस राहणार कुठे, घर तर रिकामं झालंय. मी म्हटलं, माझ्याकडे. खोली आहे, खाली बाथरूम आहे, पायऱ्या नाहीत.

बाई आमच्याकडे सहा दिवस राहिल्या. त्यांना वरणभात आवडला, लोणचं नाही. आमच्या लायब्ररीतल्या पहिल्या वर्गाला येऊन त्या मागच्या बाकावर बसल्या आणि दोनचा पाढा दोनदा ऐकून घेतला. मंगळवारी सकाळी मी त्यांना पुन्हा त्या आवारात नेलं. पाथरवटाने गोणपाट काढलं, हाताने दगड हलवून पाहिला आणि बाजूला झाला. त्या बसल्या. बराच वेळ बसल्या. मी घड्याळ बघितलं नाही. नंतर त्यांनी थोडं सरकून शेजारच्या जागेवर हात ठेवला आणि मला बस म्हणाल्या.